आधी पट्टी वाचायला शिकवा

मे महिन्यात आंब्याच्या पेट्यांबरोबर 'किशोर उद्योजक' शिबिरांचे फलकही शहरात उतरतात. बारा ते सतरा वयाची मुलं, तीन दिवस, वातानुकूलित हॉल, शेवटच्या दिवशी 'पिच', मग प्रमाणपत्र आणि टाय लावलेला फोटो. फलकावरची भाषा दरवर्षी बदलते, व्यासपीठावरचं सांगणं मात्र तेच. शाळेत पैशाबद्दल अक्षर शिकवत नाहीत. शाळा नोकर घडवते आणि नोकरी म्हणजे शिकलेल्याची गुलामी. मराठी माणूस धंद्यात मागे राहिला तो याच मनोवृत्तीमुळे, तेव्हा पोराला चौदाव्या वर्षीच मालक व्हायला शिकवा. मध्येच कुठेतरी 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' येतंच. हे सांगणाऱ्या गृहस्थांनी स्वतः शेती विकलेली असते, नोकरी सोडलेली असते, आणि व्यापार म्हणाल तर तो या तीन दिवसांचाच.

मी अकरावी-बारावीला पुस्तपालन शिकवण्यात उमेद घालवलेला माणूस आहे. 'तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघू' म्हणणाऱ्या पालकांची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. त्या लाडाची फळं वर्गात रोज दिसायची. खिशात पंचवीस हजारांचा मोबाइल आणि बँकेत पैसे भरायची स्लिप लिहिता येत नाही, अशी मुलं. मुलांना पैसा, काम, धंदा लवकर शिकवायला हवा, यात वाद नाही. वाद आहे तो या शिबिरांत जे शिकवलं जातं त्याच्याशी. तिथे धंद्याची गोष्ट सांगताना दोन गोष्टी बेमालूम झाकल्या जातात: भांडवल कुणाचं होतं आणि राबलं कोण. या दोन प्रश्नांवाचून जे उरतं त्याला धंद्याचं शिक्षण म्हणता येणार नाही.

आधी पहिला आरोप निकालात काढू. शाळेत पैशाबद्दल काहीच शिकवत नाहीत, हे साफ खोटं आहे. बालभारतीच्या नववीच्या गणिताच्या पहिल्या भागात 'अर्थनियोजन' नावाचं प्रकरण आहे. त्यात बचत, गुंतवणूक, आयकर आहे. दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात पुन्हा 'अर्थनियोजन' आहे: जीएसटी, कर बीजक, शेअरची दर्शनी किंमत आणि बाजारभाव, दलाली, म्युच्युअल फंड, एसआयपीसुद्धा. राज्य मंडळाची दहावी झालेला प्रत्येक मुलगा हे गणित सोडवून आलेला असतो. व्यासपीठावरच्या वक्त्यानं ते पुस्तक उघडलेलं नसतं, एवढंच.

पुस्तकात आहे म्हणून मुलांना येतं का? नाही येत. मुलं कर बीजकाचं उदाहरण चार गुणांसाठी सोडवतात आणि त्याच संध्याकाळी दुकानातून आणलेल्या बिलावरचा जीएसटी क्रमांक न बघता ते चुरगाळून टाकतात. आमच्या लहानपणी कार्यानुभवाचा तास होता. त्यात आम्ही घोटीव कागदाची फुलं केली, आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताच्या मास्तरांनी गिळला. कित्येक शाळांत 'संचयिका' होती. वर्गातलाच एक मुलगा चार-आठ आणे गोळा करायचा, वहीत लिहायचा, पासबुकाशी ताळा घालायचा. चूक निघाली तर दुपारच्या सुट्टीत खेळायला जायचा नाही, चवन्नी शोधत बसायचा. ती चवन्नी शोधणं हे माझ्या मते अजूनही सर्वोत्तम अर्थशिक्षण. तेव्हा रोग आहे तो विषय नसण्याचा नाही, हातात खरी वही नसण्याचा आहे. त्यावर टाय लावून केलेलं भाषण हा इलाज कसा होईल?

आता दुसरा आरोप, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्या मांडणीचं मूळ इथे आहे. 'नोकरी म्हणजे गुलामी' हे तत्त्वज्ञान आलं कुठून? १९९७ साली अमेरिकेत रॉबर्ट कियोसाकी यांचं 'रिच डॅड पुअर डॅड' निघालं. मराठीतही ते आलं आणि आज बसस्थानकावरच्या बुकस्टॉलवरसुद्धा मिळतं. शिक्षण खात्यात नोकरी करणारा स्वतःचा बाप 'गरीब' आणि मित्राचा धंदेवाईक बाप 'श्रीमंत', अशी त्याची मांडणी. तो श्रीमंत बाप खराच होता की रचलेला, यावर वाद आहेत. ते सोडून देऊ. पुस्तकात जे छापलंय तेच हिशेबाला घेऊ.

नऊ वर्षांची दोन मुलं श्रीमंत बापाच्या दुकानात आधी तासाला दहा सेंटवर आणि मग फुकट राबतात. कारण त्यांना 'पैशासाठी काम करू नये' हे शिकायचं असतं. मग त्यांना धंदा सुचतो. दुकानातली न खपलेली, फेकायला निघालेली कॉमिक्स ते फुकट मिळवतात, मित्राच्या घरातल्या तळघरात वाचनालय काढतात आणि पोरांकडून दहा-दहा सेंट घेतात. तिथे बसायला मित्राची धाकटी बहीण, आठवड्याला एक डॉलरवर. मालकांना आठवड्याला सरासरी साडेनऊ डॉलर सुटतात. पुस्तक म्हणतं, बघा, पैसा कसा आपल्यासाठी काम करू लागला!

पुस्तपालनाच्या मास्तरानं ही वही तपासली तर काय दिसेल? माल फुकट, जागा फुकट, वीज फुकट. मराठीत याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. आणि काम केलं ते पैशानं नाही, त्या धाकट्या बहिणीनं केलं. तिच्या नावानं आठवड्याला एक डॉलर खर्ची पडला, म्हणून बाकीच्यांना साडेनऊ मिळाले. पुढे दांडगट पोरांच्या मारामारीनंतर ते तळघर बंद करावं लागलं. तिचं काय झालं हे पुस्तकात नाही, असायचं कारणही नाही, कारण गोष्ट मालकांची आहे. आणि थोडं पुढचंही सांगतो: सेमिनार भरवणाऱ्या एका कंपनीला सुमारे चोवीस दशलक्ष डॉलर द्या, असा निवाडा न्यायालयात विरुद्ध गेल्यावर कियोसाकी यांच्या 'रिच ग्लोबल' या कंपनीनं २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. लेखक स्वतः बुडाले नाहीत. कंपनी वेगळी, मालक वेगळा. मर्यादित जबाबदारी म्हणजे काय, हे शिकवायला याहून झकास उदाहरण नाही, पण शिबिरात ते कुणी सांगत नाही. त्याच लेखकानं साखळी विक्रीची भलामण करणारी पुस्तकंही लिहिली, आणि बारावी झालेली पोरं 'बिझनेस सेमिनार'ला नेणारे लोक तीच काखोटीला मारून हिंडतात, हा योगायोग म्हणायचा का ते तुम्ही ठरवा.

आपल्याकडच्या शाळांतला 'आनंद मेळावा' हे याचंच घरगुती रूप. एका मेळाव्यात आठवीतल्या तीन मुलींनी भेळेचा स्टॉल मांडला होता. गल्ला मोजला तर सहाशे चाळीस रुपये. फळ्यावर त्यांनी 'नफा : ५९०' असं लिहिलं, कारण द्रोण आणि चमच्यांचे पन्नास रुपये त्यांनी स्वतःच्या खाऊच्या पैशातून दिले होते आणि तेवढाच खर्च त्यांना दिसत होता. मी म्हटलं, बसा, हिशेब करू. कुरमुरे, फरसाण, शेव मिळून दोनशे साठ. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर सत्तर. चिंच, गूळ, खजूर साठ. द्रोण-चमचे पन्नास. झाले चारशे चाळीस. उरले दोनशे. आता तिघी चार-चार तास उभ्या होत्या आणि एकीच्या आईनं सकाळी दोन तास चटण्या वाटल्या. म्हणजे चौदा तास. दोनशे भागिले चौदा. तासाला चौदा रुपये आणि वर काही पैसे. गॅस अजून धरलाच नव्हता. मुलींचे चेहरे जरा उतरले. मग त्यातली एक म्हणाली, "सर, पण आईची मजुरी कुठल्या बाजूला लिहायची?"

मला विचाराल तर धंद्याचं शिक्षण या प्रश्नापासून सुरू होतं. मेळाव्याच्या बक्षीस समारंभात मात्र 'सर्वाधिक नफा' म्हणून पाचशे नव्वदच जाहीर झाले.

हाच हिशेब शिबिरालाही लावून बघा. समजा साठ मुलं आणि प्रत्येकी सहा हजार फी. जमा तीन लाख साठ हजार. हॉलचं भाडं, चहा-नाश्ता, फ्लेक्स, प्रमाणपत्रांची छपाई, वक्त्याचं मानधन. आणि खुर्च्या मांडणारे, नोंदणीला बसणारे जे कॉलेजचे 'स्वयंसेवक' असतात, त्यांना काय मिळतं? 'अनुभव' मिळतो. तळघरातल्या बहिणीला निदान एक डॉलर तरी मिळत होता!

आता आकड्यांकडे येऊ. 'आपला समाज नोकरीच्या मागे लागलेला' हे वाक्य इतकं घासलंय की ते कुणी तपासत नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार देशातल्या काम करणाऱ्यांपैकी ५८ टक्क्यांहून अधिक लोक स्वयंरोजगारात आहेत. नियमित पगारावर असलेले २२ टक्केही नाहीत. म्हणजे 'नोकरी मागू नका, मालक व्हा' हा उपदेश ज्या देशाला चाललाय, त्यातला मोठा हिस्सा आधीच स्वतःचा मालक आहे: टपरीचा, हातगाडीचा, दोन एकरांचा, शिलाई मशीनचा. आणि काम करणाऱ्या पाचांतला जवळपास एक जण घरच्याच धंद्यात बिनपगारी मदतनीस आहे. चटण्या वाटणारी ती आई या आकड्यात कुठेतरी बसते. आपल्याकडे कमी आहे ती मालकांची संख्या नाही. रीतसर पगार, पगाराची पावती आणि भविष्य निर्वाह निधी देणारी नोकरी कमी आहे. माणसं तिच्यामागे धावतात ती मनोवृत्तीच्या रोगानं नाही, हिशेब कळतो म्हणून धावतात.

आणि धंदा हवेत उभा राहत नाही, तो कुणाच्या तरी पगारावर उभा असतो. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळी आठवा. गावाहून आलेल्या गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या, बहुतेक निरक्षर बायका. मराठी माणसाला, त्यातून बाईला, धंदा जमत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांची वही बघायला हवी होती. पंचवीस-तीस गडी महिन्याच्या बोलीवर जेवायचे, पैसे पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी, आणि त्या उधारीवर जबर व्याज. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांना सावकार आणि वाणी यांच्या कचाट्यातून काढून राष्ट्रीयीकृत बँकांची दारं उघडून द्यायला. त्या बायकांना उद्यमशीलता शिकवावी लागली नाही. कमी होतं ते रास्त व्याजाचं भांडवल. मग १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, पगार थांबले आणि गडी गावी परतले. खानावळींच्या चुली विझल्या. 'नोकरी कनिष्ठ' म्हणणाऱ्यांनी सांगावं, त्या बायकांचा धंदा कशावर चालला होता?

आता सगळ्यांचं आवडतं नाव, लक्ष्मणराव किर्लोस्कर. शिबिरात त्यांची तसबीर असतेच. पण गोष्ट अर्धीच सांगतात. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये पगारी शिक्षक होते, यंत्रांची रेखाटनं शिकवत होते. यंत्राची ओळख त्यांना तिथे झाली, पगार घेता घेता झाली. बढतीत डावललं गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली. बेळगावात भावाबरोबरचा सायकलींचा व्यवसाय, मग लोखंडी नांगर. नांगराला गिऱ्हाईक मिळेना, कारण लोखंडानं जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली ती औंधच्या राजांनी जमीन दिली म्हणून. इथे भांडवल कुणाचं, हुन्नर कुठून आला, वाट किती बघावी लागली, सगळं उघड आहे. 'कल्पना सुचली आणि झाला उद्योगपती' यात कुठे बसतं हे?

तोच किर्लोस्करांचा नांगर गावोगाव फिरून विकणारा एक विक्रेता पुढे शिक्षणाकडे वळला. त्याचं नाव भाऊराव पाटील. ओगल्यांच्या कंदिलांसाठीही ते फिरले होते. १९१९ मध्ये त्यांनी कऱ्हाडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' ही योजना रुजवली. त्यात मुलगा शेतात, बांधकामावर, भांडारात काम करायचा आणि त्यावर त्याचं शिक्षण चालायचं. त्या मुलाला मालक होण्याचं स्वप्न कुणी विकलं नव्हतं. कामाचे तास आणि त्याचं मोल मात्र त्याला कोवळ्या वयात कळलं होतं. 'कमवा' आधी आणि 'शिका' नंतर, हा क्रम विक्रीच्या धंद्यातून आलेल्या माणसानं लावलेला आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. धंद्याचं शिक्षण मालकाच्या खुर्चीतून सुरू करू नका, मजुरीच्या बाजूनं सुरू करा. ज्यानं एकदा तरी उन्हाळ्यात कुणाच्या दुकानात उभं राहून पगार मोजून घेतलाय, त्याला पुढे पगार देताना हात का आखडतो आणि का आखडू नये, दोन्ही कळेल.

याला कायदा आड येत नाही. बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आहे, घरच्या धंद्यात शाळेनंतर आणि सुट्टीत हातभार लावायला मुभा आहे. चौदा ते अठरामधल्या मुलांना धोक्याची कामं सोडून बाकी करता येतात. छापखाना, रोपवाटिका, किराणा दुकान, पतपेढी, सायकलदुरुस्ती. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्येच सांगितलंय आणि २०२५ मध्ये पुन्हा सांगितलंय. पगार त्या खात्यात जाऊ द्या. उलट चौदाव्या वर्षी 'फाउंडर' होणं हेच कायद्यात बसत नाही. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन मुलाचा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलनं १९०३ मध्ये ठरवून टाकलं. कलकत्त्याच्या धर्मोदास घोष या अज्ञान मुलानं घर गहाण टाकून सावकाराकडून कर्ज उचललं होतं. गहाणखत टिकलं नाही आणि सावकार हात चोळत बसला. तेव्हापासून शहाणा सावकार पोराची सही घेत नाही, बापाची घेतो. बाल उद्योजकाच्या प्रत्येक यशोगाथेत कागदावर कुणाची सही आहे, हे मुलांना विचारायला शिकवा.

ज्या मुलांना हे शिकवायची गरज नाही, ती शिबिराच्या फलकावर कधी दिसत नाहीत. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीतला पंधरा वर्षांचा मुलगा घ्या. मुकादमाकडून घेतलेली उचल, नवरा-बायको मिळून एक कोयता, हंगाम संपता संपता न फिटलेली बाकी आणि ती फेडायला पुढच्या हंगामाचं बांधलेपण. कर्ज, आगाऊ रक्कम, श्रमाचा सौदा, सगळं त्याला तोंडपाठ आहे. त्याला धंद्याची मनोवृत्ती द्यायची म्हणजे नेमकं काय द्यायचं?

किंवा कांद्याची पट्टी घ्या. माल बाजार समितीत गेला की अडत्याकडून शेतकऱ्याला जो कागद मिळतो, ती पट्टी. वर तारीख, गोण्या, वजन, भाव, एकूण रक्कम. खाली हमाली, तोलाई, मोटारभाडं आणि अशाच वजावटी. शेवटी हातात पडणारी रक्कम. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर बाजार समितीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा नेला. भाव किलोला एक रुपया. वजावटी होऊन उरले दोन रुपये आणि काही पैसे. त्याला दोन रुपयांचा धनादेश मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. देशभर बातमी झाली, लोक हळहळले, विसरले. मी ती पट्टी वर्गात फळ्यावर मांडायचो. विचारायचो, यातला कुठला आकडा कांद्याचा भाव वीस रुपये झाला तरी बदलणार नाही? मुलं म्हणायची, मोटारभाडं, हमाली. झालं, भावाबरोबर न हलणारा खर्च कळला. आता सांगा, भाव किती असता म्हणजे घरी काही नेण्याजोगं उरलं असतं? बियाणं, खत, लागवडीची मजुरी या कागदावर आहे का? नसेल तर ती कुठे गेली? आणि दोन रुपयांचा धनादेश वटवायला गावाहून बँकेत जायचं एसटीचं तिकीट किती? एका कागदावर ना-नफा-ना-तोटा बिंदू, लपलेला खर्च, उधारी, पैशाचं काळानुसार मोल, सगळं येतं. शेतकऱ्यांची मुलं यात पुढे असायची. एरवी मागच्या बाकावर बसणारी.

व्याजाचंही तसंच. पन्नास हजारांचं कर्ज, बारा टक्के 'फ्लॅट', मुदत दोन वर्षं. व्याज बारा हजार, चोवीस हप्ते, प्रत्येकी सुमारे २,५८३ रुपये. ऐकायला बारा टक्के. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र पूर्ण पन्नास हजारांवर लावलंय. घटत्या बाकीवर मोजलं तर दर साडेएकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. आईच्या बचत गटाची वही आणि दुचाकीच्या शोरूममधला हप्त्यांचा तक्ता शेजारी ठेवून हे गणित करा. 'शून्य टक्के'वाल्या मोबाइलचंही करा. असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं बँकांना २०१३ मध्येच सुनावलंय. हे शिकवायला प्रेरक वक्ता लागत नाही, तासभर शांतता आणि कॅल्क्युलेटर लागतो.

न शिकवण्याची किंमत फार दूरची नाही. मूल अठराचं झालं की डिमॅट खातं उघडतं, आणि 'पैसा तुमच्यासाठी काम करेल' हे मनावर बिंबलेलं असतंच. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. या व्यवहारांत उतरणाऱ्यांमध्ये तिशीखालच्यांचा वाटा एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला. पगाराला हसायला शिकलेली पोरं आहेत ही, आणि हरलेत ते पैसे बहुधा बापाच्या पगारातले.

आता समोरच्या बाजूचा भक्कम मुद्दा. नोकऱ्या खरंच नाहीत, मग मुलांनी करायचं काय? दिल्ली सरकारनं २०२१ मध्ये 'बिझनेस ब्लास्टर्स' काढलं आणि सरकारी शाळांतल्या अकरावी-बारावीच्या मुलांना प्रत्येकी दोन हजार रुपये बीजभांडवल दिलं. हे शिबिरापेक्षा शंभर पटींनी प्रामाणिक होतं, कारण पैसे खरे होते आणि मुलं गरीब घरची होती. माझी तक्रार एकच. त्यावर दूरचित्रवाणीचा कार्यक्रम झाला आणि कॅमेऱ्यासमोर आली ती निवडक चमकदार पथकं. ज्यांचे दोन हजार बुडाले त्यांच्या वह्यांत खरा अभ्यासक्रम होता. आणि नोकऱ्या नाहीत याचा जाब ज्यांना विचारायचा, त्यांना सोडून तो पंधरा वर्षांच्या मुलाच्या 'मनोवृत्ती'वर ढकलणं, हे मला पटत नाही.

याहून चांगला नमुना आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक शाळांत पोहोचला. आठवी ते दहावीची मुलं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, माती तपासतात, हिमोग्लोबिन तपासतात, चिक्की करतात, कोंबड्या पाळतात. हे सगळं प्रदर्शनासाठी नसतं. गावातल्या माणसाला फाटक हवं असतं, ते मुलं करून देतात आणि पैसे घेतात. वहीत साहित्य, मजुरी, वीज, घसारा लिहून मगच किंमत ठरते. जोड निसटला तर तो माणूस फाटक घेऊन परत येतो. गिऱ्हाईक परत येणं हा धडा कुठल्याही पिचमध्ये नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींची नई तालीम मांडली गेली तेव्हाही झाकिर हुसेन समितीनं रोजच्या साडेपाच तासांतले तीन तास वीस मिनिटं हस्तोद्योगाला दिले होते. त्यावर 'ही तर बालमजुरी' अशी टीका झाली, आणि ती अगदीच बिनबुडाची नव्हती. म्हणून तर मुलाच्या कामाचा हिशेब मुलाच्याच हातात हवा.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा बिनदप्तराचे दिवस सुचवलेत, स्थानिक कारागिरांकडे जाण्यासाठी. शाळा ते दिवस सहलीत आणि किल्ले बनवण्यात घालवतील, ही भीती मला आहे. त्याऐवजी एक दिवस बाजार समितीत, पहाटेच्या लिलावाला. एक दिवस पतसंस्थेत, थकबाकीच्या यादीसमोर. एक दिवस भाजीवालीशेजारी, सकाळच्या भवानीपासून संध्याकाळी उरलेली मेथी पाच रुपयाला जुडी देण्यापर्यंत. एक दिवस कारखान्याच्या वेतन विभागात.

शिकवणार कोण, असा प्रश्न मुख्याध्यापक विचारतात. अडत्याच्या गाळ्यात चाळीस वर्षं रोजमेळ लिहिलेले दिवाणजी प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत. बचत गटाच्या सचिव बाई आहेत. त्यांना एकेक तास बोलवा. फक्त त्यांची शाल-श्रीफळावर बोळवण करू नका. तासाचे पैसे द्या, आणि ते किती, शाळेच्या कुठल्या खात्यातून, हे वर्गाला आधी फळ्यावर मांडायला लावा.